पाव हिस्सा अधिक चोविसावा हिस्सा



शाळेतील गणिताच्या पुस्तकातले एखादे उदाहरण न्यायालयात जाऊन उभे राहावे, त्यावर पंधरा वर्षे वाद चालावा आणि अखेरीस देशाच्या सरन्यायाधीशांनी त्याचे उत्तर लिहून द्यावे, असा प्रसंग सहसा घडत नाही. सांगलीच्या बाबतीत तो घडला आहे. उदाहरण पाचवी-सहावीच्या मुलाला यावे इतके साधे होते : एक चतुर्थांशात एक चोविसांश मिळवा. उत्तर, सात चोविसांश. तथापि ही बेरीज करायची की करायचीच नाही, हाच त्या दाव्यातील मुख्य प्रश्न होऊन बसला, आणि त्या उत्तरावर एका विधवा मातेचा हक्क अवलंबून होता.

‘गुरुपाद खंडप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई खंडप्पा मगदूम’ या नावाने हा खटला आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. कुटुंबप्रमुखाचे निधन २७ जून १९६० रोजी झाले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. मिळकत म्हणजे दोन घरे, एक जमीन, दोन दुकाने आणि काही जंगम वस्तू. पत्नीने सांगलीच्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला. १९६३चा विशेष दिवाणी दावा क्रमांक २६, तो हाच. तिने मागितलेला हिस्सा होता ७/२४.

हा आकडा कोठून आला, हे नीट पाहिले पाहिजे. कारण त्यात भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेचे सारे मर्म सामावले आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या सहाव्या कलमाने असे सांगितले होते, की एकत्र कुटुंबातील पुरुष मृत्यू पावला आणि मागे पत्नी वा कन्या असेल, तर त्याच्या मृत्यूच्या क्षणापूर्वीच वाटप झाले होते असे मानावे व त्या मानीव वाटपात त्याला जो हिस्सा मिळाला असता तो त्याच्या वारसांत वाटावा. वडील आणि दोन मुलगे यांच्यात वाटप होत असेल, तर आपल्याकडील धर्मशास्त्राच्या परंपरेप्रमाणे आईलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणजे वाटेकरी चार झाले : पिता, माता, दोन पुत्र. प्रत्येकी पाव. आता पित्याचा पाव हिस्सा त्याच्या वारसांकडे जावयाचा. वारस सहा : पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. पावाचे सहा भाग केले म्हणजे प्रत्येक भाग चोविसावा. आईचा स्वतःचा पाव आणि पतीकडून आलेला चोविसावा, या दोहोंची बेरीज हा तिचा दावा.

येथे क्षणभर न्यायालय बाजूला ठेवून वर्गात यावे. पाव आणि चोविसांश यांची बेरीज करताना मुले सर्वांत अधिक जी चूक करतात, ती प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक पालकाने पाहिलेली असते. वरचे वर, खालचे खाली. एक आणि एक दोन. चार आणि चोवीस अठ्ठावीस. उत्तर दोन अठ्ठाविसांश, म्हणजेच एक चौदांश. मूल ते उत्तर निःशंक मनाने लिहून मोकळे होते. त्याला दटावण्यात काही अर्थ नाही. त्याला एवढेच विचारावे, की आईकडे आधी चौथा भाग होता, त्यात काही भर पडली आणि आता तिच्याकडे चौदावा भाग उरला, हे कसे? चौथा भाग मोठा की चौदावा? भर घातल्यावर वाटा घटला कसा? हा प्रश्न ज्या मुलाला स्वतःला पडतो, त्याला नियम पाठ करावा लागत नाही.

छेद हे भागाचे नाव आहे, त्याची संख्या सांगतो तो अंश. चार पायली ज्वारी आणि दोन मण ज्वारी यांची बेरीज सहा होत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. दोन्ही एका मापात आणावी लागतात. पाव आणि चोविसांश यांचेही तसेच आहे. चोवीसचा पाव सहा. म्हणून पाव म्हणजे सहा चोविसांश. सहा चोविसांशांत एक चोविसांश मिळवला की सात चोविसांश. नाव बदलले नाही, संख्या वाढली. पाठ्यपुस्तक याला समच्छेद करणे म्हणते. जुने संस्कृत गणिती याहून सुंदर शब्द वापरीत : ‘सवर्णन’, म्हणजे एका वर्णाचे, एका जातीचे करून घेणे.

जुन्या रुपयाच्या हिशेबात हेच उत्तर अधिक डोळ्यांपुढे उभे राहते. रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्याचा चोविसावा भाग आठ पै. पाव रुपया म्हणजे चार आणे. मातेचा दावा रुपयात चार आणे आठ पैचा होता. प्रत्येक मुलीला आठ पै, प्रत्येक मुलाला आईइतकेच चार आणे आठ पै. तीन ठिकाणी चार आणे आठ पै म्हणजे चौदा आणे. तीन मुलींच्या चोवीस पै म्हणजे दोन आणे. एकंदर सोळा आणे. हिशेब बिनचूक आहे की नाही, हे पाहण्याची ही जुनी रीत होती : सारे हिस्से मिळवा, सोळा आणे भरले पाहिजेत.

आता पुन्हा न्यायालयात. १९६५मध्ये सांगलीच्या न्यायालयाने निकाल दिला. मिळकत वडिलांची स्वकष्टार्जित होती, त्यांनी हयातीतच तिचे वाटप करून टाकले होते, हा मुलाचा बचाव न्यायालयाने फेटाळला. इथपर्यंत मातेची बाजू खरी ठरली. परंतु हिश्शाच्या बाबतीत तिला १/२४ एवढेच देण्यात आले. न्यायालयाने दोन अपूर्णांक मिळविण्यास नकार दिला. त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाचा एक निर्णय तसा होता आणि खालचे न्यायालय त्याला बांधील होते, हे लक्षात घेतले पाहिजे. त्या विचारसरणीप्रमाणे मानीव वाटप केवळ मृताचा हिस्सा किती हे काढण्यापुरते मानायचे. तो आकडा हाती आला, की वाटप झालेच नव्हते असे समजून पुढे जायचे. मग आईचा पाव हिस्सा कोठे गेला? तो केवळ छेद ठरविण्याच्या कामी आला. तिच्या असण्याने पित्याचा हिस्सा तृतीयांशावरून पावावर आला. पण तिच्या हाती मात्र त्यातले काही पडले नाही. चार आणे आठ पैऐवजी आठ पै. सातास एक.

मुलाने उच्च न्यायालयात अपील केले. मातेनेही आपल्या हिश्शाबद्दल प्रतिहरकत दाखल केली. १९७५मध्ये उच्च न्यायालयाने मुलाचे अपील फेटाळून मातेचा ७/२४ हिस्सा मान्य केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २७ एप्रिल १९७८ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी दिलेल्या निर्णयात या बेरजेचे उत्तर कायमचे लिहिले गेले. त्यांचे विवेचन गणिताच्या शिक्षकाने अभ्यासावे असे आहे. त्याचा आशय असा, की कायद्याने वाटप झाले असे मानावयास सांगितले आहे. ते एकदा मानले की त्याची सर्व फळेही मानावी लागतात. मृताचा पाव काढताना इतरांचेही पाव निघालेच. त्यांतील एक खरा धरून बाकीचे पुसून टाकता येत नाहीत. म्हणून वारसाला मानीव वाटपातील आपला हिस्सा मिळतो आणि त्याशिवाय मृताच्या हिश्शातील भागही मिळतो. हा अर्थ स्त्री-वारसांचा वाटा वाढविण्याच्या कायद्याच्या हेतूशी सुसंगत आहे, असेही निर्णयात म्हटले आहे.

अपूर्णांकाच्या वहीत मुले नेमकी हीच चूक करतात, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल. समच्छेद करताना छेदाला सहाने गुणतात आणि अंशाला गुणायचे विसरतात. पावाचे छेदस्थान चोवीस होते, अंश एकच राहतो. एक चोविसांश अधिक एक चोविसांश, उत्तर दोन चोविसांश. पाव हिश्शाचा एक षष्ठांश झाला, हे वहीच्या पानावर कोणाच्या ध्यानात येत नाही. छेदाचे सहा तुकडे मानले, तर अंशाचेही सहा मानले पाहिजेत. मानले ते शेवटपर्यंत मानावे लागते.

हे शास्त्र आपल्याकडे किती जुने आहे आणि किती घरगुती भाषेत मांडलेले आहे, याचा परिचय मराठी कुटुंबांना असायला हवा. भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ ग्रंथ इसवी सन ११५०चा. त्यात अपूर्णांकांचे परिकर्म येण्यापूर्वी त्यांचे सवर्णन शिकविले आहे आणि त्याचे प्रकार सांगितले आहेत. पहिले उदाहरणच आजच्या विषयाचे आहे : तीन पूर्ण, एक पंचमांश आणि एक तृतीयांश यांना समच्छेद करून त्यांची बेरीज सांगा. तिनाच्या खाली छेद म्हणून एक मांडायचा. पंधरा हा समान छेद. तीन म्हणजे ४५/१५, पंचमांश म्हणजे ३/१५, तृतीयांश म्हणजे ५/१५. बेरीज ५३/१५, म्हणजेच ३ ८/१५. लगेच वजाबाकीचे उदाहरण : एक चौदांशातून एक त्रेसष्टांश वजा करायचा. येथे आचार्य एक सोय सांगतात. दोन्ही छेदांना एकमेकांनी गुणत बसू नये. त्यांचा सामाईक भाजक काढून छेद लहान करावेत आणि त्या लहान संख्यांनी गुणावे. चौदा आणि त्रेसष्ट यांना सातने भागले की दोन आणि नऊ. मग ९/१२६ वजा २/१२६, बाकी ७/१२६, म्हणजे १/१८. आडवे-तिडवे गुणले असते तर छेद ८८२ झाला असता. आज वर्गात लसावि म्हणून जे शिकवतात ते हेच.

याहून मनोरंजक आहे तो पुढचा प्रकार. पूर्ण संख्येला भाग जोडलेला असेल तर ‘भागानुबंध’ आणि पूर्ण संख्येतून भाग काढलेला असेल तर ‘भागापवाह’. उदाहरणे कोणती? पायासह दोन आणि पायाविना तीन. पाय, पाद, अंघ्रि म्हणजे चौथा भाग. म्हणजेच आपले सव्वादोन आणि पावणेतीन! ९/४ आणि ११/४. बाजारात भाजी घेताना आजी जे शब्द सहज उच्चारते, ते मूळचे गणिताचे पारिभाषिक शब्द आहेत. ‘सपाद’चे सव्वा झाले, ‘पादोन’चे पाऊण आणि पावणे, ‘सार्ध’चे साडे. अडीच म्हणजे ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा असलेले. साडेतीनाला तर ‘औट’ असा स्वतंत्र शब्द होता. इंग्रजी माध्यमात शिकणारा नातू ‘मिक्स्ड नंबर’ची व्याख्या पाठ करतो आणि घरात पावणेदोन म्हटले की गोंधळतो, हे आपल्या काळाचे एक नवल आहे. पावणे या एका शब्दात वजाबाकी आहे, सव्व्यात बेरीज आहे; ज्याच्या कानावर हे शब्द लहानपणापासून पडले, त्याची अर्धी तयारी शाळेत जाण्यापूर्वीच झालेली असते.

जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही सारी पाठ करून घेत. पावकीत तेरा म्हटले की सव्वातीन, अडीचकीत सात म्हटले की साडेसतरा, औटकीत पाच म्हटले की तेही साडेसतरा. जमाखर्चात पाव, अर्धा आणि पाऊण दाखवायला एक, दोन, तीन उभ्या रेघा ओढीत. १॥ असे लिहिले की दीड. ही रीत फार चपळ होती. मात्र तिची मर्यादाही सांगितली पाहिजे, गौरवाच्या भरात ती झाकण्याचे कारण नाही. पाव, अर्धा, पाऊण, आणा हे सारे दोनाच्या पटीतले छेद. त्यांची बेरीज तोंडी होते, कारण ते आधीच एकमेकांत बसतात. तिसरा हिस्सा आला की पावकी थांबते. कुटुंबात तर मुले तीन असतात, पाच असतात, सातही असत. आण्याच्या बारा पै होत्या म्हणून रुपयाचा तिसरा भाग निघे. पाचवा निघत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर पैसे झाले तेव्हा पाचवा हिस्सा सुटा झाला आणि तिसरा अडकला. कोणतेही नाणे, कोणतेही माप सर्व छेदांना पुरत नाही. म्हणूनच सवर्णनाची सर्वसाधारण रीत शिकावी लागते.

आता साताऱ्याकडे वळू या. १७०८मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला आणि हे नगर मराठी राज्याची राजधानी बनले. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. इतिहासाच्या पुस्तकात मुले एवढे वाक्य पाठ करतात व पुढे जातात. पण चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा भाग आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. दोन्ही मिळून किती? १/४ अधिक १/१०. छेद चार आणि दहा, लसावि वीस. पाच विसांश आणि दोन विसांश, मिळून सात विसांश. शंभर रुपये वसुलात पस्तीस.

या पस्तिसांचे पुढे काय होई, ते पाहिले की साताऱ्याच्या फडात बसणाऱ्या कारकुनाला अपूर्णांक किती सफाईने यावे लागत, याची कल्पना येते. दहा रुपयांची सरदेशमुखी छत्रपतींचे वतन म्हणून त्यांच्याकडे. चौथाईच्या पंचवीस रुपयांपैकी चौथा भाग ‘बाबती’, तीही राजाची : सव्वासहा रुपये. उरलेल्या तीन चतुर्थांशाला ‘मोकासा’ म्हणत. त्यातून चौथाईच्या शेकडा सहा प्रमाणे ‘साहोत्रा’ पंत सचिवांकडे : पंचवीस रुपयांवर दीड रुपया. शेकडा तीन प्रमाणे ‘नाडगौडा’, तो छत्रपती आपल्या मर्जीप्रमाणे देत : पाऊण रुपया. बाकी ‘ऐन मोकासा’ सरदारांना, त्यातून त्यांनी फौज ठेवायची : साडेसोळा रुपये. आता बेरीज करून पाहावी. सव्वासहा, दीड, पाऊण आणि साडेसोळा. पूर्णांक आधी : सहा, एक आणि सोळा मिळून तेवीस. मग भाग : पाव, अर्धा, पाऊण आणि अर्धा. चतुर्थांश करून घेतले तर एक, दोन, तीन आणि दोन. आठ चतुर्थांश, म्हणजे पूर्ण दोन. तेवीस आणि दोन पंचवीस. चौथाई जुळली.

राजाकडे थेट येणारा भाग किती, हा प्रश्न वरच्या वर्गाला घालावा. बाबती चौथाईचा चौथा भाग, म्हणजे वसुलाचा सोळावा. सरदेशमुखी दहावा. सोळा आणि दहा यांचा लसावि ऐंशी. पाच ऐंशीयांश आणि आठ ऐंशीयांश, मिळून १३/८०. शेकडा सव्वासोळा. ज्या ऐन मोकाशावर सरदारांचे तळ उभे राहत तो साडेसोळा. मध्यवर्ती सत्तेच्या हाती सव्वासोळा आणि सरदारांच्या हाती साडेसोळा, हा पाव रुपयाचा फरक पाहिल्यावर पुढच्या शतकाचा इतिहास समजण्यास थोडी मदत होते. इतिहासाच्या तासाला गणित आणले तर बिघडत नाही.

मराठी राज्य गेले. पण सातारा-सांगलीकडे अपूर्णांकांचा खरा कारखाना चालूच राहिला, तो जमिनीचा. सांगली जिल्हा हा १९४९मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा निघाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा दोन्हीकडची शेतीच्या हिशेबाची भाषा एकच. एकराचे गुंठे चाळीस, गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट. पिकाच्या अंदाजाला सरकारी कागदावर ‘पैसेवारी’ म्हणू लागले, तरी माण-खटावात आणि जत-आटपाडीत आणेवारीच विचारली जाते. आणि ज्या उताऱ्यावर शेतकऱ्याचा जीव, तो सातबारा. दिसतो अपूर्णांकासारखा, आहे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड. मुले कधी कधी विचारतात, सात भागिले बारा कशाचे? प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्याच निमित्ताने एक उदाहरण द्यावे.

एका कुटुंबाचे तीन तुकडे आहेत असे समजू. पहिला अडीच एकर, दुसरा पावणेदोन एकर, तिसरा एक पूर्णांक एक तृतीयांश एकर. एकूण किती? पूर्णांक दोन, एक आणि एक, मिळून चार. भाग अर्धा, पाऊण आणि तृतीयांश. छेद दोन, चार, तीन, लसावि बारा. सहा, नऊ आणि चार, मिळून एकोणीस बारांश. एकोणीस बारांशांतून बारांचा एक पूर्ण एकर बाहेर काढावा, उरले सात बारांश. चार आणि एक पाच. उत्तर ५ ७/१२ एकर. सातबारा अखेर अपूर्णांकातही आला! पडताळा गुंठ्यांत घ्यावा : शंभर, सत्तर आणि त्रेपन्न पूर्णांक एक तृतीयांश, मिळून २२३ १/३ गुंठे. पाच एकरांचे दोनशे वजा केले की तेवीस गुंठे आणि वर तृतीयांश. सात बारांश एकराचे तेवढेच होतात.

वजाबाकी बेरजेहून अवघड, आणि तिथेच मुले जास्त अडखळतात. वरच्या ५ ७/१२ एकरांतून २ २/३ एकर विकले, उरले किती? दोन तृतीयांश म्हणजे आठ बारांश. सात बारांशांतून आठ बारांश जात नाहीत. मुलांची पहिली युक्ती : आठातून सात वजा करून एक बारांश लिहायचे, पाचातून दोन तीन, उत्तर ३ १/१२. विकणाऱ्याकडे जास्त जमीन राहिली. घेणारा भांडायला येईल. दुसरी चूक अधिक फसवी आहे. मुलाला हातचा घ्यायचा हे आठवते. पाचाचे चार करते आणि सवयीने सातात दहा मिळवते. सतरा बारांश! पूर्ण संख्यांच्या वजाबाकीत एकाचे दहा होतात. येथे मोडलेल्या एकराचे बारा भाग होतात, कारण आपणच त्याचे बारा केले आहेत. जुन्या काळी रुपया मोडला की सोळा आणे आणि आणा मोडला की बारा पै मिळत, तेव्हा प्रत्येक हातचा दहाचा नसतो हे मुलाच्या हाताला ठाऊक होते. दशमान पद्धतीने अनेक सोयी केल्या, पण ही जाणीव मात्र पुसट केली. योग्य रीत अशी : पाचाचे चार, सातात बारा मिळवून एकोणीस, एकोणिसातून आठ अकरा, चारातून दोन दोन. उत्तर २ ११/१२ एकर. गुंठ्यांत पडताळा : २२३ १/३ वजा १०६ २/३, म्हणजे ११६ २/३. दोन एकर आणि छत्तीस पूर्णांक दोन तृतीयांश गुंठे. जुळले.

आता कोणी म्हणेल, हातात मोबाइल आहे, हे कष्ट कशाला? ७/२४ मोबाइलवर घातले की ०.२९१६६६ असे काहीतरी येते आणि सहा पुढे चालतच राहतात. कोणी ते ०.२९ धरतो. तिघांना ०.२९ आणि तिघींना ०.०४ धरले, तर बेरीज ०.९९. शंभरावा भाग कोणाचाच नाही. शंभर गुंठ्यांत एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट बेवारस. त्यावर एक टुमदार घर उभे राहते आणि बांधाबांधाने भाऊबंदकीही उभी राहते. हेक्टर-आरमध्ये रूपांतर करताना, एकराचे सुमारे ४०.४७ आर धरताना, असे तुकडे आणखी सुटतात. म्हणून हिस्सा ठरवताना अपूर्णांक शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेवावा, दशांश अगदी शेवटी काढावा. वकील आणि मोजणीदार हे जाणतात. घरातील वडीलधाऱ्यांनीही जाणावे.

राहता राहिला त्या खटल्यातील तीन मुलींचा प्रश्न. आठ पै. आई आणि भाऊ यांच्या हिश्शाचा सातवा भाग. १९५६च्या कायद्याप्रमाणे ते बरोबर होते, कारण मानीव वाटपात मुलगी वाटेकरी नव्हती. तिला केवळ वडिलांच्या पावातून वाटा. महाराष्ट्राने १९९४मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अविवाहित मुलींना सहदायादाचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५पासून संपूर्ण देशात विवाहित-अविवाहित हा भेद न ठेवता मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात असले पाहिजेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०च्या निर्णयात मिटवला, त्याची आवश्यकता नाही असे सांगितले.

असेच कुटुंब आज डोळ्यांपुढे आणावे : वडील गेले, मृत्युपत्र नाही, आधीचे वाटप नाही, मागे आई, दोन मुलगे, तीन मुली. मानीव वाटपात वाटेकरी सात, प्रत्येकी एक सप्तमांश. वडिलांचा सप्तमांश सहा वारसांत, प्रत्येकी एक बेचाळीसांश. १/७ म्हणजे ६/४२. त्यात १/४२ मिळवला की ७/४२, म्हणजे एक षष्ठांश. आईचा एक षष्ठांश, दोन्ही मुलांचा प्रत्येकी एक षष्ठांश, तिन्ही मुलींचा प्रत्येकी एक षष्ठांश. रुपयात दोन आणे आठ पै.